आईचा विहार

कोरेगाव
११ फेब्रुवारी २०२४

वंदामि माताजी,

पाकिटावर तुमचं दीक्षेचं नाव लिहिलं आहे. आत ते लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं माताजी. तुम्ही फोन वापरत नाही, कुणाला उत्तरं लिहीत नाही, हे प्रियदर्शनी दीदींनी मला नीट समजावून सांगितलंय. त्या म्हणाल्या, "पत्र पाठवा, मी माताजींसमोर ठेवीन. वाचायचं की नाही ते त्या ठरवतील." आर्यिकांच्या संघातल्या या ब्रह्मचारिणी दीदी इतक्या गोड बोलतात, की माणसाला रागावताही येत नाही.

तर मी भाग्यश्री. तासगावच्या जयपाल मगदुमांची मुलगी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तुमचीही होते.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

गेलं वर्षभर मी कोरेगावात आहे. रस्त्यावर, स्टेशनवर, देवळाच्या पायरीवर सापडलेल्या, घर कुठलं ते विसरलेल्या बायकांना इथं ठेवून घेतात. त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, औषधं द्यायची आणि बोलत राहायचं. बोलता बोलता कधी एखादीला गावाचं नाव आठवतं. मग लालासाहेब फोन लावायला घेतात. हे घर ते चालवतात. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, आणि अजून सगळ्यांना फॉलइन करायला लावतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पोरी, हितं माया कर, पण कुणावर जीव लावून बसू नकोस. हितनं माणूस घरी गेलं तरच आपलं काम झालं म्हणायचं."

मी म्हटलं, मला सवय आहे.

सध्या माझ्याकडं रंगूबाई आहेत. मला त्या 'आक्का' म्हणतात. वय सत्तरीचं असेल. दिवसभर एकच विचारतात, "आक्का, गुंडा शाळंतनं आला का गं?" गुंडा म्हणजे त्यांचा मुलगा असणार. परवा केस धुताना एकदम म्हणाल्या, "यल्लम्माच्या जत्रंला जतला बैलगाडीनं जायाचो आमी. लय धुरळा उडायचा." मी तशीच ओल्या हातानं लालासाहेबांकडं पळाले. जत म्हणजे आपलाच सांगली जिल्हा. आता ते तिकडच्या गावागावांतल्या पोलीस पाटलांना फोन लावतायत.

अण्णा बरे आहेत. स्वतःच स्वयंपाक करतात. आमटी तिखट होते. अजूनही सूर्य मावळायच्या आत जेवतात, तुम्ही वाढत होता त्याच पाटावर बसून.

भाग्यश्री

* * *

कोरेगाव
२८ मार्च २०२४

वंदामि माताजी,

रंगूबाईंचं गाव सापडलं. जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. गुंडाही सापडला. तो आता पन्नाशीचा आहे. आई चार वर्षांमागं बाजारातून हरवली, म्हणून त्यानं शोध शोध शोधलं आणि शेवटी सोडून दिलं. फोनवर नुसता रडत होता.

काल मी त्यांना घेऊन गेले. कोरेगावहून निघताना सगळ्या बायका दारात उभ्या होत्या. लालासाहेबांनी सॅल्यूट ठोकला. रंगूबाई एसटीत खिडकीपाशी बसल्या आणि वाटभर मला गुंडाच्या खोड्या सांगत होत्या. मला वाटलं, त्यांना सगळं आठवलं.

अंगणात पोचलो तर गुंडा पुढं झाला. डोक्यावरची टोपी काढून पाया पडला. म्हणाला, "आये, मला वळखलंस का?"

त्यांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "ह्यो कोण गं बापया? माजा गुंडा ल्हान हाय."

सुनेनं त्यांना हाताला धरून आत नेलं. चांगली आहे बाई. तिनं ताटात भाकरी, दूध, गूळ सगळं वाढलं. पण मी निघायला उठले तशी रंगूबाईंनी माझी ओढणी धरली. "आक्का, आपुन जाऊया. गुंडा शाळंतनं यील." मला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. गुंडा म्हणाला, "ताई, तुमी जावा. मागं बघू नका." मी बघितलं नाही. तुला तर ठाऊकच आहे ते कसं करायचं.

तू लिहून गेले. माफ करा. माफ कर. मला नाही जमत. आयुष्यभर जिला तू म्हटलं, तिला कागदावर तुम्ही म्हणताना मी दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतेय असं वाटतं. दीदींना पाप वाटलं तर वाटू दे.

एसटीत परत येताना मला तुझी दीक्षा आठवत होती. तो मांडव, माणसांचा समुद्र, आणि व्यासपीठावर तू. आमच्यासमोर तुझा केशलोच चालला होता, मुठीमुठीनं केस उपटत. ते केस मी लहानपणी हातात धरून झोपायचे. मग महाराजांनी घरच्यांची संमती विचारली. अण्णांनी हात जोडले. नंतर कुणीतरी माझ्या तोंडासमोर माईक धरला. "बेटा, तुझी संमती आहे ना?" हजारो माणसं बघत होती. मी 'आहे' म्हटलं. टाळ्या पडल्या, जयजयकार झाला. तू माझ्याकडं बघून हसलीस, आणि तुझ्या तोंडावरचा तो आनंद इतका खरा होता की मला कुणाला दोषही देता येईना.

तू अण्णांना किती वर्षं विचारत होतीस, ते मला फार उशिरा कळलं. "भागूची डिग्री झाली की," असं तुमच्यात ठरलं होतं म्हणे. माझा निकाल लागला त्या दिवशी तू पेढे वाटलेस. मला वाटलं, माझ्या फर्स्टक्लासचे आहेत.

इथलं माझं काम संपत आलंय. नव्या मुली आल्यात, त्यांना शिकवून मी निघेन. पुढं माधवनगरला जायचं ठरतंय. तासगाव जवळ पडेल.

भागू

* * *

माधवनगर
३० जून २०२४

आई,

माधवनगरला येऊन दोन महिने होऊन गेले. इथं आम्ही घरोघर जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायच्या, कूस बदलायला घरच्यांना शिकवायचं, रक्तदाब बघायचा. माझ्या वाट्याला आलेली बरीचशी माणसं एकेकाळी इथल्या गिरण्यांत कामाला होती. गिरण्या गेल्या, माणसं चाळीतच राहिली.

त्यातले एक आप्पासो. कमरेखालचं सगळं गेलंय. त्यांची बायको दिवसातून कितीदा त्यांची कूस बदलते याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी ते तिला शिवी घालतात. मी एकदा रागावले तर ती म्हणाली, "आवं, घालू द्या. शिवी घालत्यात तवर हायती."

अण्णांचं वजन उतरलंय. दर रविवारी तासगावला जाते तेव्हा शर्ट अंगावर आणखी सैल दिसतो. विचारलं तर म्हणतात, "एकट्याच्या हातचं खाऊन कोण लठ्ठ होतंय काय?" बेदाण्याच्या शेडवर पूर्वी सकाळी जायचे ते दुपारी घरी यायचे, आता तासाभरात येऊन आडवे होतात. मिरजेला दाखवूया म्हटलं, तर द्राक्षबागेची छाटणी होऊ दे म्हणाले.

आणि आज बाळासो काकांचा फोन आला. नांद्रेकरांनी श्रीफळ चढवून विनंती केली होती, ती मान्य झाली, तुमच्या संघाचा चातुर्मास यंदा नांद्र्याला. काका आनंदानं नुसते ओरडत होते. "भागू, आपली वहिनी नांद्र्यात! हितनं हितं!" मग एकदम थांबले आणि म्हणाले, "माताजी म्हणायचं न्हवं का."

माधवनगर ते नांद्रे म्हणजे रेल्वेचं एक स्टेशन. दोन वर्षं तू कर्नाटकात, सोलापुराकडं, कुठं कुठं चालत होतीस, आणि मी म्हणायचे, लांब आहे म्हणून भेट नाही. आता काय म्हणू?

अण्णांना विचारलं, जाऊया का दर्शनाला? ते भांडी पुसत होते. म्हणाले, "तिला तिच्या वाटंनं जाऊ दे. आपण जाऊन उभं राहिलो की तिचं चित्त हलतंय." मग ताटली जागेवर ठेवली आणि मला विचारलं, "कवा येणार म्हणाले नांद्र्यात?"

भागू

* * *

तासगाव
१९ ऑगस्ट २०२४

आई,

मी माधवनगरचं काम सोडलं. आप्पासोंच्या बायकोनं निरोप देताना माझ्या हातात गरम शेंगांची पुडी ठेवली. आप्पासोंनी मला पहिल्यांदाच शिवी न घालता हाक मारली. म्हणाले, "पोरी, बापाची कूस बदलताना घाई करू नकोस."

अण्णांच्या पोटात गाठ आहे. यकृतापर्यंत गेली आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता कापण्यासारखं काही राहिलं नाही, दुखणं कमी करणं एवढंच. दिवाळी निघेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बघूया."

अण्णांना मी अर्धंच सांगितलं. त्यांनी उरलेलं विचारलं नाही.

रात्रीची गोळी काहीतरी खाऊन घ्यायची आहे. ते घेत नाहीत. "दिवस मावळला," म्हणतात आणि भिंतीकडं तोंड करून पडतात. दुखायला लागलं की उशीचा कोपरा दातात धरतात. मी शेजारी बसून असते. इतक्या परक्या माणसांचं केलं मी, आई, सगळ्यांचं हसत हसत केलं. यांची कूस बदलताना मात्र मी घाई करते.

म्हणून मी दीदींना फोन केला होता. आईला एकदा पाठवा म्हटलं. एकदाच. गाडी घेऊन मी येते, तासाभरात परत सोडते. दीदी शांतपणे म्हणाल्या, माताजी वाहनात बसत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. आणि चातुर्मासात स्थान सोडता येत नाही. मी म्हटलं, माहीत आहे, तरी विचारा. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "माताजी म्हणाल्या, त्यांना णमोकार मंत्र ऐकवत राहा. शोक करू नका."

एवढंच.

माधवनगरला एक बाई अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या शिव्या खात कूस बदलत बसते, आणि तू वीस किलोमीटरवर बसून मला निरोप पाठवतेस, शोक करू नका.

मी तुझा धर्म जाणते. तुझ्याच मांडीवर बसून शिकले. मुंगी चिरडू नये म्हणून तू मोरपिसांच्या पिच्छीनं जमीन झाडून पाय टाकतेस, ते मला कळतं. आमच्यावर पाय पडला ते कसं दिसलं नाही, एवढंच कळत नाही.

भाग्यश्री

* * *

तासगाव
२४ सप्टेंबर २०२४

आई,

परवा आम्ही नांद्र्याला आलो ते तू बघितलंस. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं तुला माहीत नाही, ते लिहिते.

रविवारी सकाळी अण्णा माझ्या आधी उठले होते. आरशासमोर दाढी करत होते, एका हातानं भिंत धरून. म्हणाले, "गाडी सांग बाळासोला. नांद्र्याला जाऊन येऊ." मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणाला होता तिचं चित्त हलेल. ते म्हणाले, "माझं हलायलंय त्याचं काय करू?"

पांढरा सदरा, धोतर. धोतर कमरेला राहीना, मी आत पंचा गुंडाळून दिला. वाटेत काका म्हणाले, बागेवरून जाऊया. छाटणी सुरू झाली आहे. अण्णांनी काच खाली करून बघितलं, उतरले नाहीत.

बस्तीतल्या देवळामागच्या सभागृहात तू पाटावर बसली होतीस. केवढी वाळलीस. पुढं बायका, आणि पुरुषांनी लांब बसायचं. मी तुझ्या पायांपासून हातभर अंतरावर होते आणि अण्णा त्या दोरीच्या पलीकडं, खुर्चीवर. त्यांनी हात जोडले, तू आशीर्वादाला पिच्छी उचललीस. सगळ्यांसाठी उचलतेस तशी. मग सगळे आमच्याकडंच बघायला लागले. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं आम्ही कोण ते.

अण्णा लांबूनच बोलले. आवाज त्यांचा आता एवढासा राहिलाय. "छाटणी चालू केली," म्हणाले. "खालच्या तुकड्याची आधी. पाऊस बरा झालाय. विहीर भरली." घरी संध्याकाळी पाय धुऊन आत येताना बोलायचे, तसंच. मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, संसाराचं बोलू नका माताजींशी." ते लगेच गप्प झाले. चूक केलेल्या पोरासारखे.

तू खाली बघत होतीस. मला वाटलं, तू आता पुढच्या माणसाकडं बघशील. तेव्हा तू मला विचारलंस, "ती बाई घरी रुळली का?"

मला आधी समजलंच नाही. "कोण बाई?"

"गुंडाची आई."

म्हणजे तू पत्रं वाचत होतीस. आई, मला त्या सभागृहात मोठ्यांदा रडावंसं वाटलं. मी म्हटलं, "रुळल्या." तू मान हलवलीस. दोरीपलीकडून अण्णांनी हाताचा द्रोण कानाला लावला होता. "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या गं?"

परत येताना गाडीत त्यांना सांगितलं, की ती माझी पत्रं वाचते. त्यांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "माझं काही लिहितीस काय त्यात?" मी म्हटलं, तुमचंच असतं सगळं. तासगाव येईपर्यंत त्यांच्या तोंडावर हसू होतं. त्या संध्याकाळी दोन घास जास्त खाल्ले, दिवस असताना.

आणि एक. रंगूबाई रुळल्या नाहीत. जुलैत गुंडाचा फोन आला होता. भर पावसात पहाटे कडी काढून निघून गेल्या, तेव्हापासून पत्ता नाही. सून म्हणाली, जाताना शेजारणीला सांगून गेल्या, शाळा सुटायची वेळ झाली. लालासाहेबांनी सगळीकडं फोटो पाठवलेत. तुझ्यासमोर मला ते सांगवेना. तू वाचतेस म्हटल्यावर आता खरं लिहायला हवं.

मागच्या पत्रात लिहिलेलं तुला लागलं असेल. लागावं म्हणूनच लिहिलं होतं.

भागू

* * *

तासगाव
१६ ऑक्टोबर २०२४

आई,

दीदींना काकांनी फोन केला, तेव्हा तुला कळलंच असेल. अण्णा रविवारी सकाळी गेले. शांतपणे गेले. मी णमोकार म्हणत होते.

काल रक्षाविसर्जन झालं. लोक चांगलं बोलले.

काका मोबाइलवर पाठवायची बातमी लिहीत होते. 'त्यांच्या पश्चात' इथपर्यंत आले आणि थांबले. मला विचारलं, "भागू, पत्नी लिहायचं काय?"

मी म्हटलं, नुसतं मुलगी लिहा.

भागू

* * *

म्हसवड
२३ नोव्हेंबर २०२४

आई,

मी माणदेशात येऊन पोचले. मेंढरांमागं गेलेल्या माणसांच्या मुली इथं वसतिगृहात राहतात, त्यांचं करायचं. तासगावचं घर बंद केलं. बाग आणि शेड काका बघतायत.

यायच्या आधी मी तुझ्या विहारात पायी चालले, ते कुणी सांगितलं म्हणून नाही. चातुर्मास संपला, संघ कर्नाटकाकडं निघणार असं कळलं, आणि माझी म्हसवडची गाडी त्याच दिवशी होती. म्हटलं, नांद्रे ते माधवनगर तरी बरोबर जाऊ. पाठीवर पिशवी होती, त्यातच चप्पल टाकली. कुणीतरी तुझा कमंडलू माझ्या हातात दिला. विहारात तो धरायला बायका वाट बघत असतात. त्या दिवशी सगळ्या आपण होऊन मागं सरल्या.

ऊन कोवळं होतं. दोन्ही बाजूला ऊस. तू भरभर चालत होतीस, मान खाली, पुढची चार हात जमीन बघत. चालताना बोलत नाहीस हे मला माहीत होतं.  तुझ्या टाचांना भेगा पडल्यात. घरी असताना हिवाळ्यात तू त्यांना मेण लावायचीस.

फाटकापाशी रेल्वेसाठी थांबलो. मागची माणसं अजून लांब होती. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "त्रास झाला काय त्यांना?"

मी म्हटलं, "पत्रात लिहिलं होतं. शांतपणे गेले."

तू म्हणालीस, "ते वाचलं. मी विचारतेय."

मग मी सांगितलं. झाला. तीन रात्री झाला. शेवटच्या रात्री ते मला ओळखत नव्हते. मी पाठीवरून हात फिरवत होते, तर तुझ्या जुन्या नावानं म्हणाले, चंदन, दार लावून घे, गार वारा येतोय. मी म्हटलं, लावलं. म्हणाले, भागू आली काय? मी म्हटलं, आली. जेवली काय? जेवली. मग उजाडायच्या सुमाराला शांत झाले.

गाडी येऊन धडधडत निघून गेली. फाटक उघडलं. तू जागची हलली नाहीस. पिच्छी दोन्ही हातांनी छातीशी धरली होतीस. माणसं मागून येऊन पोचली, कुणीतरी जयजयकार केला, तेव्हा तू पाऊल उचललंस. माधवनगरपर्यंत मग तशीच चाललीस.

तिथं मला उतरायचं होतं, म्हणजे सुटायचं होतं. मी कमंडलू दुसऱ्या बाईच्या हातात दिला, वाकून वंदामि म्हटलं. तू पिच्छी उचललीस. मग खाली माझ्या पायांकडं बघितलंस. अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं. "चप्पल घाल," एवढंच म्हणालीस आणि चालायला लागलीस.

मागं वळून बघितलं नाहीस. मी मात्र या वेळी बघत राहिले. पांढरं लुगडं सांगलीच्या रस्त्याला लागून गर्दीत दिसेनासं झालं तोपर्यंत.

प्रियदर्शनी दीदी माझ्यासाठी मागं थांबल्या होत्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, दोनदा पदर सारखा केला. शेवटी म्हणाल्या, "ताई, माताजींनी सांगितलेलं नाही. मी माझ्या मनानं सांगते. तुमचं पत्र आलं, की माताजी ते वाचतात. दोनदा, तीनदा वाचतात. आणि दुसऱ्या दिवशी आहाराला उठत नाहीत. उपवास करतात. मोह झाला म्हणून प्रायश्चित्त घेतात."

मी विचारलं, प्रत्येक पत्राला?

"प्रत्येक. ऑगस्टमधल्या पत्राला तीन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही. तुमच्या वडिलांची बातमी आली तेव्हाही तसंच. आता रोज चालायचं आहे त्यांना. अंगात काही राहिलेलं नाही." मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचं वय माझ्याएवढंच असेल. "पत्र पाठवू नका असं मी म्हणत नाही."

माझी एसटी आली. मी चप्पल घातली आणि चढले.  तुझी वाळलेली हाडं मी सभागृहात बघितली, आणि तपानं वाळलीस असं मानून माझ्या मनात अभिमान आणि राग दोन्ही आला होता. त्यातलं थोडं माझ्या पत्रांनी वाळवलं होतं. मला वाटत होतं, मी एका बंद दारावर थापा मारतेय. तू आत दाराला पाठ लावून उभी होतीस.

इथं मुली झोपायच्या आधी माझ्याभोवती गोळा होतात. एक अगदी लहान आहे, तिची आई मेंढरं घेऊन खाली कोकणाकडं गेली. ती मला विचारत होती, आई कवा येणार? मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, लांब आहे, पण चालतेय. ती झोपली.

हे पत्र मी पाकिटात घातलंय. त्यावर तुझं नाव लिहिलेलं नाही. कर्नाटकात तुम्ही कुठल्या गावी थांबाल ते दीदी कळवणार होत्या, त्यांना मी कळवू नका म्हणून सांगितलं. हे माझ्या ट्रंकेत राहील. पुढची लिहिली तर तीही राहतील.

उद्या कुणाच्या तरी दारात आहाराचा चौका लागेल. बायका सोवळ्यात कलश घेऊन उभ्या राहतील, तुम्हाला थांबा थांबा म्हणतील. थांब. ओंजळ पुढं कर.

उद्या जेव, आई.

भागू